बागेकडून पेल्याकडे : कोल्हापूर ते बंगळूर, नऊ दिवसांची कॉफीयात्रा

कर्नाटकातील कॉफीचा मुलूख पाहायला निघालेले आपल्याकडचे बहुतेक प्रवासी आधी बंगळूर गाठतात, तिथल्या नावाजलेल्या ठिकाणी कॉफी पितात आणि उरलेल्या दोन दिवसांत चिकमगळूर किंवा कूर्गला धावती भेट देऊन परततात. गेल्या जानेवारीत आम्ही हाच प्रवास उलट्या क्रमाने केला : आधी बाग, मग वाळवण, मग भाजणारा आणि सर्वांत शेवटी पेला. कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने दावणगेरे, चिकमगळूर, मडिकेरी, म्हैसूर आणि बंगळूर असा हा नऊ दिवसांचा, सुमारे अठराशे किलोमीटरांचा फेरा झाला. क्रम बदलल्यामुळे बंगळूरच्या दुकानात पाकिटावर जे छापलेले असते ते वाचता येऊ लागले, आणि दुकानदाराला काय विचारायचे हेही कळले. म्हणून या परीक्षणात दुकानांइतकेच मी मार्गाच्या आखणीविषयी लिहिणार आहे.

आम्ही तिघे होतो आणि तिघांच्या आवडी वेगळ्या होत्या. माझ्या यजमानांना बिनदुधाची कॉफी लागते; माझी मोठी बहीण हुबळीला सासरी गेल्यापासून चाळीस वर्षे फिल्टर कॉफीच पीत आली आहे; आणि मी वाढले ती जायफळ-वेलदोडा घालून दुधात उकळलेल्या, उपवासाच्या दिवशी हमखास होणाऱ्या कॉफीवर. एकाच दुकानाबद्दल तिघांचे मत क्वचितच जुळले. जिथे मते फार वेगळी पडली, तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

सर्वांत आधी ऋतूविषयी, कारण या सहलीचे यश त्यावरच ठरते. अरेबिका आणि रोबस्टा या इथल्या कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते आणि रोबस्टाची त्यानंतर मार्चपर्यंत. जानेवारीच्या मध्यावर गेल्यास अरेबिकाचे शेवटचे तोडे आणि रोबस्टाचे पहिले तोडे असे दोन्ही पाहायला मिळतात, आणि वाळवणाची खळी भरलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढऱ्या फुलांनी भरते आणि मोगऱ्याजवळ जाणारा वास सुटतो. तो पाहण्यासाठी मुद्दाम जाणारेही आहेत, परंतु फुलोरा तीन-चार दिवसच टिकतो आणि पाऊस कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. जून ते सप्टेंबर या काळात घाटरस्ते आणि जळवा यांचा विचार करता ही सहल मी कोणालाही सुचवणार नाही. एक अपवाद सांगायला हवा. मंगळूरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर कॉफी पसरून, ती फुगून फिकट पिवळी होईपर्यंत ठेवतात. शिडाच्या जहाजातून महिनोन्‌महिने युरोपला जाताना दाणे दमट हवेने असेच फुगत असत, आणि प्रवास जलद झाल्यावर तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव हवीहवीशी वाटू लागली. त्यातून ही रीत निघाली असे सांगतात. या ‘मान्सून्ड मलबार’ कॉफीला भौगोलिक मानांकनही आहे. ती होताना पाहायची असेल तर मात्र पावसाळ्यातच मंगळूरला जावे लागेल.

पहिल्या दिवशी आम्ही पहाटे पाचला निघालो आणि बेळगाव, धारवाड, हुबळी करत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर दावणगेऱ्याला मुक्काम केला. एका दमात चिकमगळूर गाठता येते, परंतु अंधारात अनोळखी रस्त्याने बागेतल्या घरापर्यंत पोहोचण्यात शहाणपण नाही. या टप्प्यात कॉफीच्या दृष्टीने पाहण्यासारखे थोडेच आहे. बेळगावपर्यंत टपरीवर चहाच पुढे येतो. हुबळीनंतर ‘चहा की कॉफी’ असे विचारू लागतात. दावणगेऱ्यात लोण्यात न्हालेल्या बेण्णे डोशानंतर न विचारताच कॉफी येते. ती गोड आणि चिकोरीने, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या मुळीच्या पुडीने, दाट होती. बहिणीला आवडली, यजमानांनी अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिकमगळुरात शिरलो. बाजारपेठेतल्या महात्मा गांधी रस्त्यावर भाजणीचा वास इतका स्पष्ट येतो की दुकान शोधावे लागत नाही. पांडुरंग कॉफी हे इथले जुने, गावात सर्वांना ठाऊक असलेले नाव. अशा दुकानांची पद्धत आपल्याकडच्या मसाल्याच्या दुकानासारखी आहे : तुम्ही प्रमाण सांगायचे, ते तोलून तुमच्यासमोर मिसळून देतात. प्रमाण म्हणजे कॉफी किती आणि चिकोरी किती. ऐंशी-वीस म्हटले की कॉफीचा वास पुढे राहतो. साठ-चाळीस म्हटले की अर्क काळा व दाट होतो आणि थोड्या पुडीत जास्त पेले निघतात. कायद्यानुसार अशा मिश्रणात निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 51 टक्के, कॉफी असावीच लागते आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. चिकोरीला नावे ठेवण्याची नवी रीत मला पटत नाही. ती एका मुळीची भाजलेली पूड आहे, तिच्यात कॅफीन नसते, आणि दुधातल्या कॉफीला जो गडद, किंचित करपट गोडवा येतो तो तिच्यामुळेच. तक्रार असावी ती प्रमाण न सांगण्याबद्दल. इथे न विचारता सांगितले गेले, आणि आमच्या घरच्या पितळी फिल्टरला कोणते दळण चालेल हेही विचारले गेले. पाव किलो ऐंशी-वीस आणि पाव किलो निव्वळ पीबेरी घेतली. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. तिची चव वेगळी असते असे विक्रेते सांगतात, मला तरी फरक बेताचाच वाटला.

गावात केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाचे छोटे संग्रहालय आहे आणि बागेत जाण्याच्या आधी तिथे एक तास द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. बागेत गेल्यावर कानावर पडणारे शब्द, ‘प्लांटेशन’, ‘पार्चमेंट’ आणि ‘चेरी’, इथे समजून घेता येतात. धुऊन सोललेल्या अरेबिकाला इथे ‘प्लांटेशन’ म्हणतात, धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’, आणि फळासकट वाळवलेल्या दोहोंनाही ‘चेरी’. हे तीन शब्द ठाऊक असले की पाकिटावरचे ‘प्लांटेशन ए’ ही केवळ जाहिरात नसून जात, प्रक्रिया आणि दाण्याचा आकार सांगणारी खूण आहे हे ध्यानात येते.

मुक्कामासाठी आम्ही बाबाबुडनगिरीच्या उतारावरची एक कौटुंबिक बाग निवडली होती. आवाराच्या बाहेर मालकांचे नाव नसते, म्हणून इथेही देत नाही. परंतु राहण्याचे ठिकाण निवडताना एकच कसोटी लावली होती, पल्परची, म्हणजे ताज्या फळांची साल व गर काढणाऱ्या यंत्राची, आणि ती फार उपयोगी पडली. दूरध्वनीवर विचारायचे, ‘तुमच्याकडे पल्पर आहे का आणि आम्ही असू त्या दिवसांत तो चालू असेल का?’ ज्यांनी पोहण्याचा तलाव आणि शेकोटीबद्दल सांगितले ते आम्ही सोडले. ज्यांनी ‘मंगळवारी तोडा आहे, त्या दिवशी संध्याकाळी चालेल’ असे उत्तर दिले तिथे गेलो.

त्या संध्याकाळबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. चार वाजल्यापासून बायका पोती डोक्यावर घेऊन येत होत्या. प्रत्येकीचे पोते तोलून वहीत नोंदले जात होते. लाल फळे पाण्याच्या हौदात टाकली की पोकळ व किडकी वर तरंगतात, ती बाजूला काढतात. उरलेली पल्परमधून जातात : साल व गर एकीकडे, चिकट बिया दुसरीकडे. त्या चिकट बिया रात्रभर हौदात आंबवून सकाळी धुतात आणि खळ्यावर पसरतात. दर थोड्या वेळाने दंताळ्याने त्या वरखाली कराव्या लागतात आणि रात्री दव पडू नये म्हणून ढीग करून झाकाव्या लागतात. मालकांनी एक हिशेब सांगितला तो मी कधी विसरणार नाही : साधारण सहा किलो ताजी फळे तोडावीत तेव्हा एक किलो कच्ची कॉफी हाती येते, आणि भाजताना तीही पंधरा ते वीस टक्क्यांनी घटते. म्हणजे भाजलेल्या एका किलोसाठी सात किलोंहून अधिक फळे, आणि तीही एकेक पिकलेले निवडून हाताने तोडलेली. त्यानंतर पाव किलोला पाचशे-सहाशे रुपये असा भाव वाचून मला महाग वाटलेले नाही.

बाग पाहताना वर पाहावे, असे मालक म्हणाले. कॉफीच्या झाडांवर सावली धरणारी दोन मजली झाडी असते : उंच सिल्व्हर ओक, फणस, जंगली झाडे आणि त्यांच्या खाली पांगारा. आपल्याकडे पांगारा वसंतात लाल फुलांसाठी ओळखला जातो; इथे तो वेळोवेळी छाटून हवी तेवढीच सावली ठेवण्यासाठी लावतात, आणि त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात. कॉफीचे भाव पडले तर मिरी सांभाळून घेते. अलीकडे दोन्हींना बरे दिवस होते. 2024 मध्ये तर रोबस्टाने जागतिक बाजारात पूर्वीचे सगळे उच्चांक मोडले. परंतु आम्हाला दाखवायला त्यांनी मुद्दाम एक वाळलेले अरेबिकाचे झाड उपटून चिरले, आणि आत पांढऱ्या खोडकिडीने कोरलेली नागमोडी वाट दिसली. या किडीवर फवारणीने पुरता उपाय होत नाही. लागलेले झाड उपटून जाळणे हाच खात्रीचा मार्ग. सावली कमी झाली की कीड वाढते, म्हणून झाड तोडताना मालक दहा वेळा विचार करतात.

त्यांच्या बागेत ‘एस. 795’ ही जात बहुसंख्येने आहे. ती बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून 1940च्या दशकात आली आणि अजूनही कर्नाटकातल्या अरेबिकात सर्वत्र दिसते. 1925 साली डॉ. लेस्ली कोलमन यांच्या पुढाकाराने म्हैसूर संस्थानात सुरू झालेले हे केंद्र आता कॉफी बोर्डाच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे मुख्यालय आहे. आम्ही आधी परवानगी मागितली नव्हती म्हणून तिथे गेलो नाही, आणि ही या सहलीतली माझी खरी चुकामूक ठरली. एस. 795 मधून ‘केंट’ आणि ‘एस. 288’ या अरेबिकाच्या आधीच्या दोन वाणांचे गुण एकत्र आले आहेत; पेल्यात ती सौम्य, किंचित मसालेदार लागते. मालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या लोखंडी तव्यावर भाजलेली कॉफी दिली तेव्हा भाजणी असमान होती, काही दाणे करपलेले होते, तरी त्या कॉफीत जायफळाचा भास झाला आणि मला माहेरची आठवण झाली. बहिणीला ती पाणचट वाटली. यजमानांनी तीन पेले घेतले.

बाबाबुडनगिरीला गेलेच पाहिजे. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनमधल्या मोखा बंदरातून सात कॉफीबिया आणून या डोंगरावर लावल्या अशी परंपरा आहे, आणि कॉफीचा भारतातला आरंभ तिथून मानतात. त्या काळी न भाजलेले बी बाहेर नेण्यास मनाई असे, म्हणून ते लपवून आणावे लागले. गुहेतल्या त्या स्थानाला दत्तपीठ म्हणून मानणारे आणि बाबांची दर्गा म्हणून मानणारे असे दोन्हीकडचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. आमच्यासारख्या दत्तसंप्रदायातल्या घरातून आलेल्यांना नरसोबावाडी-गाणगापूरच्या पलीकडे दत्ताचे हे आणखी एक ठाणे कॉफीच्या जन्मस्थानी भेटावे, याचे मोठे समाधान वाटले. शनिवार-रविवार टाळावा. 1930 मीटर उंचीचे मुळ्ळय्यनगिरी, जे कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर आहे, जवळच असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी रस्ता गाड्यांनी तुंबतो.

चिकमगळूरची एक उणीव सांगते. नव्या धर्तीची, दाणे निवडून हलके भाजणारी ठिकाणे आता इथे आणि आसपासच्या बागांत निघाली आहेत, आणि त्यांतल्या एका ठिकाणी, ज्याचे नाव मी देत नाही, आम्ही पाऊण तास थांबलो. काचेच्या भांड्यातून गाळून दिलेली कॉफी कोमट आली, कोणत्या बागेची आहे हे वाढणाऱ्या मुलाला सांगता आले नाही, आणि पाकिटावर भाजणीची तारीख नव्हती. चारशे मीटरवर जिच्यासाठी लोक विमानाने येतात ती बाग उभी असताना हे व्हावे याचे वाईट वाटले. गावातल्या टाऊन कॅन्टीनमध्ये मसाला डोशाबरोबर मिळालेली साधी फिल्टर कॉफी त्यापेक्षा पुष्कळच चांगली होती.

चौथ्या दिवसानंतर मुडिगेरे आणि सकलेशपूरमार्गे कोडगूकडे निघालो. पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपासचा हा रस्ता संपूर्ण बागांतून जातो आणि गाडी चालवणाऱ्याने घाई करू नये. सकलेशपूरला जेवणापुरतेच थांबलो.

कोडगू म्हणजे कूर्ग हा देशातला सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा जिल्हा, आणि इथे रोबस्टाचा वरचष्मा आहे. रोबस्टाला हलक्या प्रतीची म्हणण्याची सवय आम्हालाही होती. ती एका दिवसात सुटली, कारण सिद्दापुराजवळच्या एका बागेत नीट पिकलेली, धुतलेली आणि मध्यम भाजलेली रोबस्टा आम्हाला मिळाली. ती कडवट होती पण खरखरीत नव्हती, भाजलेल्या शेंगदाण्याच्या व कोकोच्या जवळची चव होती, आणि दुधात ती अरेबिकापेक्षा उठून दिसली. फिल्टर कॉफीवर जी फेसाची दाट साय धरते तिला रोबस्टाचाच हातभार असतो. बहिणीने अर्धा किलो घेतली, आणि या सगळ्या प्रवासात तिला सर्वांत जास्त पटलेली कॉफी हीच.

मडिकेरीच्या मुख्य बाजारात मात्र जपून राहावे. मसाले, मध, चॉकलेट आणि ‘घरगुती शुद्ध कॉफी’ विकणारी दुकाने रांगेने आहेत. आम्ही एका दुकानातून शंभर ग्रॅमचे पाकीट घेतले, ज्यावर ‘शंभर टक्के शुद्ध’ असे लिहिले होते आणि तारीख, प्रमाण, बाग यांपैकी काहीही नव्हते. मुक्कामावर येऊन थंड पाण्याच्या पेल्यावर चिमूटभर पूड टाकून पाहिली. कॉफीची पूड बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडते आणि जाताना तांबूस रेघ सोडते. आमच्या पेल्यात अर्ध्याहून अधिक पूड रेघा सोडत तळाशी गेली. शुद्ध म्हणून चिकोरी विकणे हा गिऱ्हाइकाचाच नव्हे, तर डोंगरावर एकेक फळ निवडून तोडणाऱ्या बाईचाही अपमान आहे, आणि ते अजून मनातून गेलेले नाही. ही चाचणी सोपी आहे. पाण्याचा पेला कुठेही मिळतो, म्हणून मोठे पाकीट घेण्याआधी लहान घ्यावे आणि पाहावे.

कुशालनगरला क्युअरिंगचे कारखाने आहेत. बागेतून आलेली टरफलासकटची कॉफी इथे सोलतात, चाळतात, आकारानुसार वेगळी करतात आणि सदोष दाणे काढून टाकतात. आत जायला मिळेलच असे नाही. आम्हाला बागेच्या मालकांच्या ओळखीमुळे एका ठिकाणी अर्धा तास मिळाला. निवडायला बसलेल्या बायकांच्या पुढे सरकत्या पट्ट्यावरून जाणारे हिरवट-निळे दाणे आणि त्यांच्या बोटांचा वेग पाहिल्यावर ‘ए’ आणि ‘एबी’ या अक्षरांमागे किती डोळे झिजलेले असतात ते समजते.

म्हैसूरला केवळ दुपारचे जेवण आणि एक पेला कॉफी घेतली. तिथून 2023 मध्ये खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गाने बंगळूर दीड-दोन तासांवर आले आहे. दुचाकीस्वारांना त्या मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर बंदी आहे, हे मोटारसायकलवरून अशी सहल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बंगळूरसाठी आम्ही दोन दिवस ठेवले होते आणि ठिकाणांची यादी लांब होती. इथे आखणीचा दुसरा नियम कामी आला : दिवसात तीनच ठिकाणे, सगळी दुपारी तीनच्या आत, आणि प्रत्येक ठिकाणी तिघांत मिळून दोन पेले. इथे ‘बाय-टू’ म्हणजे एक कॉफी दोघांत वाटून घेण्याची जुनी पद्धत आहे आणि ती मागताना कोणी नाक मुरडत नाही. चौथ्या पेल्यानंतर जीभ काही सांगत नाही आणि रात्रीची झोपही जाते, हे चिकमगळूरच्या पहिल्या दिवशी अनुभवले होते.

शंकरपुरातला ब्राह्मिन्स कॉफी बार 1965 पासून चालू आहे. इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी, एवढेच मिळते. सांबार नाही, चटणी मात्र भरपूर. बसायला जागा नाही. सकाळी साडेसातला फुटपाथवर उभे राहून घेतलेली ती कॉफी या प्रवासातली सर्वांत चांगली दुधाची कॉफी होती, याबद्दल बहिणीचे आणि माझे एकमत आहे. अर्क ताजा होता, दूध उकळते होते, साखर बेताची होती, आणि पेल्याखालच्या वाटीत कॉफी ओतून वरून खाली करताना येणारा वास गर्दीतही वेगळा येत होता. एका पेल्याचा खर्च नव्या धर्तीच्या ठिकाणच्या एका कपाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो.

चर्च स्ट्रीटवरचे इंडिया कॉफी हाऊस चवीसाठी नव्हे, इतिहासासाठी पाहावे. या कॉफीगृहांची सुरुवात 1936 मध्ये आपल्या मुंबईत चर्चगेटला झाली. मंदीच्या काळात परदेशी बाजार आटल्यावर देशातल्या लोकांना कॉफीची सवय लावावी हा त्यामागचा उद्देश. पुढे बोर्डाने ती बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी 1957 पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. सहकाराच्या पश्चिम महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे वाचून आपलेपणा वाटतो. पांढऱ्या गणवेशातल्या, पगडी घातलेल्या वाढप्याने आणलेली कॉफी सौम्य व थोडी थंडावलेली होती, कटलेट चांगले होते, आणि आम्ही दीड तास बसलो तरी कोणी उठवले नाही.

नव्या धर्तीच्या ठिकाणांपैकी इंदिरानगरातल्या अराकू कॅफेत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. इथली कॉफी आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी पिकवतात, म्हणजे आमच्या मार्गाबाहेरची. परंतु चिकमगळूरच्या चवीनंतर ती घेतल्यामुळे फरक लगेच कळला. ती फळासारखी आंबट-गोड, हलकी, चहाच्या अंगाने जाणारी होती. यजमानांच्या मते ही सहलीतली सर्वोत्तम कॉफी. माझ्या मते उत्तम, पण रोज पिण्याजोगी नव्हे. वाढणाऱ्या मुलीने पाणी किती तापलेले आहे, दळण किती जाड आहे, हे न विचारता आणि न मिरवता सांगितले. ब्लू टोकाईच्या दुकानातही पाकिटावर बाग, प्रक्रिया आणि भाजणीची तारीख स्पष्ट छापलेली होती. बिळिगिरीरंगन डोंगरातल्या अत्तीकन बागेची कॉफी तिथून घेतली. तीच आता पुण्या-मुंबईतही मिळते, तेव्हा केवळ ती विकत घेण्यासाठी बंगळूरला जाण्याची गरज नाही. आपल्या नागपुरातही कॉरिडॉर सेव्हनसारखे भाजणारे आहेत, आणि चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची थोडी लागवड आहे. विदर्भातल्या वाचकांनी तिथूनच आरंभ करावा.

खरेदीविषयी जे शिकलो ते असे. भाजलेल्या दाण्यांतून काही दिवस वायू बाहेर पडत असतो, म्हणून अगदी कालचे पाकीट उघडण्यापेक्षा आठवडाभर थांबलेले चांगले लागते. त्यानंतर महिना-सव्वा महिना चव टिकते. दळलेली पूड मात्र पंधरा दिवसांत मंदावते. घरी दळण्याचे यंत्र असेल तर दाणेच घ्यावेत, नसेल तर दोनशे ग्रॅमच्या वर पूड घेऊ नये, भाव कितीही बरा असला तरी. गाडीत पाकिटे पायाशी, सावलीत ठेवावीत. उन्हात तापलेल्या डिकीत ठेवलेले आमचे पहिले पाकीट घरी पोचेपर्यंत तेलकट वासाचे झाले. मसाल्याच्या पिशवीशेजारी कॉफी ठेवू नये. मिरी आणि वेलदोड्याचा वास ती ओढून घेते.

खर्चाचे म्हणाल तर पेट्रोल आणि मुक्काम यांतच बहुतेक पैसे गेले. कॉफीवर, पाकिटे धरून, त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. लहान मुलांना घेऊन ही सहल करावी का, असे शेजाऱ्यांनी विचारले. बागेतले दोन दिवस मुलांना फार आवडतील. शहरातले दोन दिवस त्यांना कंटाळवाणे होतील. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बागेच्या मालकांना आधी सांगावे, कारण उतारावर पायवाटा निसरड्या असतात. माझ्या बहिणीसाठी त्यांनी जीपची सोय केली.

पुढल्या खेपेला मडिकेरीचा एक दिवस कमी करून तो बाळेहोन्नूरला द्यायचा आहे. बहिणीने संशोधन संस्थेला परवानगीसाठी पत्र पाठवले आहे, आणि बागेच्या मालकांनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पल्पर चालू असेल असे कळवले आहे.